चेहरा आमचा, कॅमेरा कुणाचा?

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या मोंढ्यात सकाळच्या वेळी उभे राहावे. पोत्याखाली वाकलेला हमाल, भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली मावशी, नाक्यावर कामाची वाट पाहणारे बिगारी दिसतात. आजकाल त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा किंवा मोबाईल धरलेली तरुण मुलेही दिसतात. हातभर अंतरावरून चेहरा टिपायचा, सुरकुत्या, घाम आणि डोळ्यांतले पाणी पकडायचे, याला ते कला म्हणतात. कलेला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्याचा चेहरा त्याला कुणी विचारले काय?

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. ढिगाऱ्यापुढे बसलेल्यांचे चेहरे देशभर छापले गेले. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि 12 एप्रिलला 10 वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले. तेव्हा पुन्हा कॅमेरे आले आणि रांगेतल्या घागरींमागचे चेहरे छापले गेले. पुढाऱ्याचा फोटो असला की खाली नाव, पद, पक्ष सगळे येते. आमच्या आयाबहिणींच्या फोटोखाली मात्र 'पाण्यासाठी वणवण' एवढेच! ज्या बाईचे डोळे पान भरून छापता, तिला नाव नसते काय?

आमच्या वकिलीतला एक अनुभव सांगतो. अत्याचाराच्या एका प्रकरणात एका आईचा आक्रोश करतानाचा फोटो गावोगाव पोहोचला. पुढे ती साक्षीसाठी कोर्टात आली, तेव्हा आम्हाला म्हणाली, "वकीलसाहेब, मी रडले ते समद्यांनी छापलं. पर ठाण्यात रातभर बसून फिर्याद लिवून घेतली, ते कुणीच नाही छापलं." या माऊलीने दोन वाक्यांत सगळे सांगितले. प्रस्थापित माध्यमांना आमचे अश्रू हवे असतात, आमचा लढा नको असतो. अश्रू खोटे नसतात. पण फक्त अश्रूच दाखवले की लढणारा माणूस दयेचा विषय होतो. बाबासाहेबांनी आम्हाला दया मागायला शिकवले नाही, हक्क मागायला शिकवले.

मग दुःखाचा फोटो काढूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. 1955 साली अमेरिकेत एमेट टिल या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची गोऱ्यांनी हत्या केली. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली आणि मुलाचा विद्रूप केलेला चेहरा जगाला पाहू दिला. त्या फोटोने तिथला समाज खवळून उठला. तो निर्णय आईचा होता, फोटोग्राफरचा नव्हे. फरक इथे आहे.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांचे काम पाहावे. अकोल्याच्या या छायाचित्रकाराने मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे वर्षानुवर्षे टिपले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गटारात आणि कचऱ्यात उतरलेल्या माणसाचा चेहरा त्यांनी जवळून दाखवला, त्याचबरोबर त्याचे घर आणि कुटुंबही दाखवले. असे फोटो एका फेरीत मिळत नाहीत. त्यासाठी कॅमेऱ्याआधी माणसाने जवळ जावे लागते.

काही मित्र म्हणतात, आधी विचारले तर चेहऱ्यावरचा खरा भाव जातो. ठीक आहे, मग नंतर विचारा. काढलेला फोटो त्याला दाखवा आणि तो नको म्हणाला तर तिथेच पुसून टाका. रस्त्यावर प्रत्येक फोटोसाठी परवानगी घ्यावी असा सरसकट कायदा नाही, हे खरे. पण 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, हेही त्या निकालात आले आहे. खासगीपणाचा संबंध बंगल्याच्या भिंतीशी नाही, माणसाच्या प्रतिष्ठेशी आहे. मग तो हक्क नाक्यावरच्या बिगाऱ्यालाही आहेच.

आज आमच्या वस्त्यांतल्या पोरापोरींच्या हातातही मोबाईल आहे. कॅमेरा दुसऱ्याच्या हाती होता, ही तक्रार आता पुरे. तो हाती घ्या, पण शिस्तीने घ्या. नाव विचारा आणि संमती असेल तर ते फोटोखाली लिहा. शक्य असेल तर एक प्रत त्या माणसाला नेऊन द्या. लैंगिक अत्याचारातील पीडितेची आणि अत्याचारग्रस्त बालकाची ओळख कदापि उघड करू नका, तो गुन्हा आहे. घटनास्थळाचा फोटो असेल तर मूळ फाईल आणि तो मोबाईल दोन्ही जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा कोर्टात दाखल करताना प्रमाणपत्र लागते. व्हॉट्सअॅपवर दहा हातांतून फिरलेला फोटो कोर्टात टिकवताना आमची दमछाक होते.

1920 साली 'मूकनायक'ने मुक्या समाजाला आवाज दिला. त्याच समाजाचा चेहरा आज नावानिशी जगापुढे यायला हवा. येत्या 14 एप्रिलच्या मिरवणुकीत फोटो काढाल, तेव्हा निळा झेंडा घेतलेल्या आजीच्या अगदी जवळ जा. पण आधी तिला जय भीम घाला आणि तिचे नाव विचारा.