हप्ता थकला म्हणून जेल?

गेल्या आठवड्यात आमच्या मलकापुरात माझ्या एका विद्यार्थ्याच्या अम्मीला वसुलीवाल्यानं दारात उभं राहून दरडावलं, "हप्ता भरा, नाहीतर जेलमध्ये टाकू." बिचारी रडत माझ्याकडे आली. ही धमकी धादांत खोटी आहे.

कर्ज थकलं तर दिवाणी दावा होतो, जप्तीही येऊ शकते. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. पुरुषालाही निव्वळ गरिबीपायी कैद नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० सालीच सांगितलंय. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची तर अशा कैदेतून १८७९ च्या कायद्यानंच सुटका केली होती.

चेकची गोष्ट वेगळी. तो वटला नाही तर फौजदारी खटला, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणून कोऱ्या चेकवर सही करू नका.

ऐपत असून पैसे बुडवणाऱ्याची मी वकिली करत नाही. हदीसमध्ये त्याच्या चालढकलीला जुल्मच म्हटलंय. पण तंगीतल्या कर्जदाराला सवड द्या, हा सूरह बकराचा हुकूमही तितकाच पक्का आहे. तो देणेकऱ्यांना ऐकवणारे पुष्कळ, घेणेकऱ्यांना कोण ऐकवणार?