जिथे क्लिक, तिथलाच मेनू हवा!



प्रश्नपत्रिका, निकालपत्रक, पालकसभेची सूचना हे सगळं आता आपण संगणकावरच तयार करतो. त्यात माऊसचं उजवं बटण दाबलं की एक छोटी यादी उघडते. तिला संदर्भ मेनू म्हणतात. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि ही सवय सर्वसामान्यांच्या हाताला लागली. ही यादी कशी असावी, याबद्दल आज थोडं बोलू या.

व्याकरण शिकवताना आपण मुलांना सांगतो की सकर्मक क्रियापदाला कर्म लागतं. 'काढून टाक' म्हटलं की 'काय?' हा प्रश्न येतोच. मेनूतले पर्याय म्हणजे क्रियापदं, आणि आपण ज्यावर क्लिक करतो ते कर्म. दोन्ही जुळलं पाहिजे.

वर्डमध्ये हे बऱ्याच अंशी जुळतं. चित्रावर उजवं क्लिक करा, चित्राभोवती मजकूर कसा बसवायचा ते पर्याय येतात. लिंकवर केलं तर लिंक बदलायचे किंवा काढायचे पर्याय येतात. तक्त्यात कर्सर एका चौकटीत असेल तर चौकट काढायचा पर्याय दिसतो. तो निवडला की उरलेल्या चौकटी सरकवायच्या की अख्खी ओळ काढायची, हेही विचारलं जातं. पूर्ण ओळ निवडली असेल तर ओळ काढायचा पर्याय येतो, पूर्ण तक्ता निवडला तर तक्ता काढायचा. क्रियापद एकच, पण कर्म बदललं की परिणाम बदलतो.

खरी अडचण पुढेच आहे. एकाच जागी अनेक गोष्टी असतात, तेव्हा काय दाखवायचं?

निकालपत्रकच घ्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या आपल्या मुलांच्या नावांखाली बरेचदा लाल नागमोडी रेघ येते. ते नाव एक शब्द आहे, तो चौकटीत आहे, चौकट ओळीत आणि ओळ तक्त्यात. तुम्हाला तिथे फक्त एक ओळ वाढवायची आहे, पण मेनूने नुसते स्पेलिंगचे पर्याय पुढे केले आणि घाईत त्यातल्या एकावर क्लिक झालं, तर मुलाचं नावच बदलतं! तेच पुढे प्रगतिपुस्तकावर गेलं तर? मूल घरी जाऊन काय सांगणार?

म्हणून मला वाटतं, मेनूत सर्वांत जवळच्या गोष्टीची कामं आधी यावीत; मग एक रेघ, आणि त्याखाली ओळीची व तक्त्याची कामं. आतली गोष्ट दिसली म्हणून बाहेरची गायब करू नये. 'शब्दकोशात जोडा' हा पर्याय ठळक असावा, म्हणजे एडिटर आपल्या मुलांची नावं शिकेल.

काही जण म्हणतील, मेनू दरवेळी बदलला तर नवखा माणूस गोंधळेल. म्हणणं बरोबर आहे. त्यासाठी कट, कॉपी, पेस्ट यांची जागा ठरलेली असावी. पण सगळेच पर्याय एका लांबलचक यादीत कोंबणं हा काही उपाय नाही.

संगणकाच्या तासाला मुलांना उजवं क्लिक करण्याआधी एकच प्रश्न विचारा: "तू कशावर क्लिक करतोयस?" हाच प्रश्न एडिटर बनवणाऱ्यांनीही स्वतःला विचारायला हवा.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा.