पहिला हातोडा

(उंबरठ्याच्या आत : साप्ताहिक स्तंभ)

ठाण्याहून एका सद्गृहस्थांचे पत्र आले आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून जुन्या सदनिकेची दोन्ही न्हाणीघरे आणि स्वयंपाकघर नव्याने करून घ्यावे असे त्यांच्या मनात आहे; ठेकेदाराने सहा लक्षांचा अंदाज दिला असून त्यांपैकी साठ टक्के रक्कम कामाला हात लावण्यापूर्वी मागितली आहे; आणि ‘माणूस सज्जन दिसतो, बोलणेही नम्र आहे, तेव्हा रक्कम द्यावी की न द्यावी,’ एवढाच त्यांचा प्रश्न आहे. प्रश्नात सज्जनपणाचा उल्लेख नसता तर दोन ओळींचे उत्तर लिहून मी मोकळा झालो असतो. तो आहे म्हणून आजचा मजकूर.

आगाऊ दिल्या जाणाऱ्या पैशाला आपल्या भाषेने एकच एक नाव कधी दिले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून द्यायचा तो विसार किंवा बयाणा. मजुराने हंगामापूर्वी घ्यायची आणि अंगमेहनतीने फेडायची ती उचल. विहिरीसाठी किंवा बी-बियाण्यासाठी सरकारने रयतेला द्यायची आणि १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी जिला नियमात बसवले ती तगाई. आणि कचेरीतील कारकुनाच्या हाती खर्चासाठी सोपवून मागाहून पै-पैचा हिशेब ज्याबद्दल घ्यायचा ती तसलमात. नुसता शब्द उच्चारला की पैसा कोणत्या कारणासाठी दिला, तो कसा फिटणार आणि न फिटल्यास कोणी कोणापुढे उभे राहायचे, हे सारे त्यातच सांगितले जाई. या चारही शब्दांना गिळून ‘ॲडव्हान्स’ नावाचा जो एक गुळगुळीत शब्द आपल्या तोंडी बसला आहे, त्याने मात्र काहीच सांगायचे नाही असे ठरवलेले दिसते. ठेकेदार ‘साहेब, थोडा ॲडव्हान्स सोडा’ म्हणतो तेव्हा तो विसार मागतो, उचल मागतो की तसलमात, हे आपण विचारीत नाही; आणि विचारलेच तर त्याला स्वतःला ते नेमके सांगता येईल याची मला खात्री नाही.

यात एक उलटापालट आहे, ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. बीडकडचे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतात आणि त्या उचलीच्या दोरीने बांधले जाऊन कारखान्याच्या फडात हंगामभर राबतात. तेथे पैसा घेणारा बांधला जातो. घराच्या दुरुस्तीत पैसा देणाराच बांधला जातो. असे का व्हावे? मजुराजवळ श्रमांखेरीज काही नसते म्हणून तो बांधला जातो, हे उघड आहे. गृहस्थाजवळ तर घर आहे, पैसा आहे, कायदाही त्याच्याच बाजूचा आहे. तरीही तो ठेकेदाराच्या मागे तगादा लावीत फिरतो, याचे कारण त्याने दिलेली रक्कम हे नसून ती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या न्हाणीघरात पडलेला पहिला हातोडा हे आहे, असे मला स्वतःच्या अनुभवावरून वाटू लागले आहे.

तो अनुभव थोडक्यात सांगतो. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर ओल उतरू लागली, आणि संस्थेच्या चिटणीसांची दोन पत्रे आल्यावर आम्ही दुरुस्ती काढली. अंदाज दोन लाख चाळीस हजारांचा होता. ‘फरशीचे भाव वाढतायत, माल आत्ताच उचलून ठेवतो,’ या सबबीवर ठेकेदाराने दीड लाख मागितले आणि मी ते दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला चार माणसे हजर! असा वक्तशीरपणा त्या घराने पुढे कधी पाहिला नाही. दोन दिवसांत फरशी उखडली गेली, भिंतींवरचा गिलावा खरवडून निघाला, नळ तोंडे बंद करून उघडेवाघडे राहिले, राडारोड्याची पोती जिन्यात रचली गेली. आणि तिसऱ्या दिवशी गावच्या जत्रेचे निमित्त सांगून ठेकेदार जो गेला तो दीड महिना दिसला नाही. त्या दीड महिन्यात समोरच्या काकूंनी आमच्या चार माणसांच्या आंघोळी आपल्या घरात होऊ दिल्या. बादली आणि टॉवेल घेऊन रोज सकाळी पॅसेज ओलांडणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा वयपरत्वे कितीही मोठी असो, ती टॉवेलाएवढीच उरते.

पुढे उलगडा झाला. माझ्या दीड लाखांतले सव्वा लाख कोथरूडकडच्या एका अर्धवट स्वयंपाकघरात गेले होते. त्या स्वयंपाकघराचे पैसे त्याआधीच्या कोणाच्या तरी गच्चीत मुरले होते. आणि त्या गच्चीच्या मालकाने ‘उतार नीट नाही’ एवढ्या कारणावरून शेवटचे ऐंशी हजार दाबून ठेवले होते. उताराची तक्रार खरी होती की खोटी, हे मला कळलेले नाही. परंतु साखळी स्पष्ट होती : आजच्या गिऱ्हाइकाच्या पैशाने कालच्या गिऱ्हाइकाचे काम आणि उद्याच्या गिऱ्हाइकाच्या पैशाने आजचे. हा मनुष्य लबाड नव्हता. बँक त्याला तारणावाचून कर्ज देत नव्हती, फरशीचा दुकानदार रोख मोजल्याशिवाय खोके हलवीत नव्हता, मजुरांना शनिवारी खर्ची दिली नाही तर सोमवारी ते दुसऱ्याच्या कामावर जात होते. तेव्हा त्याचे भांडवल म्हणजे आम्हीच होतो. मी स्वतःला गिऱ्हाईक समजत होतो, आणि वस्तुतः होतो बिनव्याजी, बिनतारणी, बिनकागदी सावकार. पत्रलेखकांनी ज्या सज्जनपणाचा हवाला दिला आहे तो या ठिकाणी निरुपयोगी ठरतो, कारण साखळीची एखादी कडी तुटली की सज्जन मनुष्यही तितक्याच नम्रपणे गावच्या जत्रेला जातो.

कायद्याचे म्हणावे तर नवे घर विकत घेणाऱ्याची चिंता त्याने फार पूर्वीपासून वाहिली आहे. १९६३ च्या महाराष्ट्राच्या सदनिका कायद्याने करारनामा करण्यापूर्वी किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेण्यास बिल्डरला बंदी केली. २०१६ च्या रेरा कायद्याच्या तेराव्या कलमाने तीच मर्यादा दहा टक्क्यांवर आणली आणि करारनामा नोंदवलेला असावा असे बजावले. मात्र आहे त्याच घराची दुरुस्ती या कायद्याच्या नोंदणीच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. म्हणजे एक कोटीचे घर घेताना ज्याचे रक्षण होते, तोच मनुष्य त्याच घरातली सहा लाखांची फरशी बदलताना मोकळ्या रानात उभा असतो. आमचे आप्त कॅलिफोर्नियात असतात. तेथे घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला कामापूर्वी सर्वसाधारणपणे एक हजार डॉलर किंवा कराराच्या दहा टक्के, यांतली जी रक्कम कमी असेल तिच्याहून अधिक घेता येत नाही, असा कायदाच आहे, हे ऐकून मला प्रथम असूया वाटली आणि मग त्या राज्यातले गवंडी शनिवारची खर्ची कशी भागवीत असतील असाही प्रश्न पडला.

आपल्याकडे फसगत झालेला गृहस्थ पोलीस ठाण्यात जातो आणि ‘ही दिवाणी बाब आहे’ असे ऐकून परततो. हे उत्तर पुष्कळदा आळसाचे असते, पण सर्वस्वी चुकीचे नसते. केवळ करारभंग म्हणजे फसवणूक नव्हे, फसवण्याचा हेतू आरंभापासून असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे, आणि ज्याने दोन दिवस इमाने-इतबारे तोडफोड केली त्याचा आरंभीचा हेतू कोण सिद्ध करणार? जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग त्या मानाने सुगम आहे : पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. परंतु तेथे कागद लागतो. बिल नको म्हणून जीएसटीचे अठरा टक्के वाचवणाऱ्या आणि रोख रक्कम पिशवीतून देणाऱ्या गृहस्थाने आयोगापुढे कोणता पुरावा ठेवायचा, हे त्याने आपल्या वाचलेल्या अठरा टक्क्यांनाच विचारावे.

सरकार स्वतःचे बांधकाम करून घेते तेव्हा मात्र ते एवढे भोळे नसते. काम आधी, मोजमापाच्या वहीत नोंद नंतर आणि पैसा शेवटी, ही सार्वजनिक बांधकाम खात्याची जुनी रीत आहे. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतला १७२ वा नियमही आगाऊ रक्कम हा अपवाद मानतो. खाजगी संस्थेला ती कराराच्या तीस टक्क्यांहून अधिक देऊ नये असे सांगतो, आणि तीही बँकेच्या हमीवाचून सहसा देत नाही. ज्या ठेकेदाराकडे बँकेचे कर्ज नाही त्याच्याकडे बँकेची हमी कोठून असणार, तेव्हा ही वाट आपल्या कामाची नाही. पण तिच्यातले तत्त्व उचलण्यासारखे आहे. पैसा माणसाच्या बोलण्यावर न देता मोजता येणाऱ्या वस्तूवर द्यायचा.

म्हणून हल्ली मी फरशी, नळ, सिमेंट यांच्या दुकानात स्वतः जातो, बिल माझ्या नावाचे करून घेतो आणि रक्कम दुकानदाराला परस्पर देतो. ठेकेदार कुरकुरतो, कारण दुकानातून त्याला सुटणारे कमिशन बुडते. ते कमिशन त्याच्या मजुरीत उघडपणे वाढवून दिले की कुरकुर थांबते. खर्ची शनिवारी, त्या आठवड्यात झालेल्या कामाचे माप घेऊन. राहता राहिले हप्ते. ‘सुरुवातीला पन्नास, अर्ध्यावर चाळीस, शेवटी दहा’ अशी जी कलमे करारनाम्यात लिहिली जातात, त्यांतले ‘अर्धे’ म्हणजे काय हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. न्हाणीघरात जे काम फरशीखाली गाडले जाणार आहे तेच खरे काम. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून दोन दिवस ठेवावे, खालच्या बिऱ्हाडी जाऊन त्यांचे छत हाताने चाचपावे, आणि ते कोरडे निघाले तर त्याच दिवशी, फरशी बसण्याआधी, त्या टप्प्याची पुरी रक्कम हातावर ठेवावी. पुरी रक्कम, आणि त्याच दिवशी. गच्चीच्या त्या मालकासारखे दाबून ठेवलेले ऐंशी हजार फिरून फिरून कोणाच्या तरी न्हाणीघरात उगवतात, आणि ते न्हाणीघर एके काळी माझे होते.

तेव्हा ठाण्याच्या वाचकांनी विसार म्हणून पाच-दहा हजार द्यावेत, पावती घ्यावी आणि बाकीचे साडेतीन लाख बँकेतच राहू द्यावेत. दोन न्हाणीघरे आहेत हे त्यांचे भाग्य; एक पुरते वापरात आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू देऊ नये, मग ठेकेदार ‘एकदम केले तर स्वस्त पडते’ असे कितीही सांगो. ते स्वस्त पडते हे खरे आहे, आणि दोन्ही एकदम तोडली की घर ओलीस पडते हेही तितकेच खरे आहे. समोरच्या काकू सर्वांच्याच वाट्याला येतात असे नाही.

गेल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघराचे काम ठरवताना नव्या ठेकेदाराला ही सगळी पद्धत मी सांगितली. तो तरुण आहे, त्याने मान डोलावून ऐकून घेतले, हिशेब आपल्या मोबाइलवर टिपला आणि जाताना दाराशी थांबून म्हणाला, ‘ते सगळं ठीक आहे काका, पण तोडायला माणसं कधी पाठवू?’ मी म्हटले, ‘फरशीचे खोके जिन्यात दिसले की.’ खोके अजून आलेले नाहीत, ओटा जागच्या जागी आहे, आणि हा मजकूर लिहीत असताना त्यावर चहा उकळतो आहे.

— गृहमेधी