तोतरेपणा : उपचार फोनवर, पण खोली आपल्या मोहल्ल्यात

बोलताना अडखळणाऱ्या तरुणाला सगळ्यात अवघड जाणारा शब्द बहुतेकदा स्वतःचं नाव असतो. ‘मंगळवार’ अडला तर ‘परवा’ म्हणून वेळ मारून नेता येते. नावाला पर्याय नसतो. मग मुलाखती टाळल्या जातात, फोन उचलला जात नाही, येत असलेलं उत्तर तोंडातच राहतं. मुलगी असेल तर ‘निकाहात अडचण नको’ म्हणून घरचे ही गोष्ट झाकूनच ठेवतात.

जगात साधारण १ टक्का प्रौढ माणसं तोतरं बोलतात. सुरुवात बहुधा २ ते ५ वर्षांच्या वयात होते. बरीच मुलं त्यातून आपोआप बाहेर येतात, काहींचं अडखळणं टिकतं. यामागे आनुवंशिकता असते आणि मेंदूत बोलणं घडवणाऱ्या यंत्रणेतला फरक असतो. आईवडिलांच्या चुकीमुळे किंवा भित्र्या स्वभावामुळे तोतरेपणा येत नाही. तावीज बांधून किंवा तोंडात खडे धरून तो जातही नाही.

उपचार आहेत, पण स्पीच थेरपिस्ट मोठ्या शहरांत. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. उदगीरच्या किंवा मालेगावच्या मुलाने दर आठवड्याला तिथे जायचं कसं? रोजी बुडते, तिकिटाचे पैसे जातात, आणि दोन-तीन खेपांत उपचार सुटतो.

लांबच लांब अंतराचा हा प्रश्न ऑस्ट्रेलियालाही होता. सिडनीत लहान मुलांसाठी ‘लिडकॉम्ब’ आणि मोठ्यांसाठी ‘कॅम्परडाऊन’ अशा दोन पद्धती तयार झाल्या. पहिलीत थेरपिस्ट आईवडिलांना शिकवतो आणि ते घरी रोज थोडा वेळ मुलाच्या न अडखळता बोलण्याला शाबासकी देतात. दुसरीत आधी संथ, ओढून बोलायला शिकवतात आणि मग ते हळूहळू सहज बोलण्याजवळ आणतात. २०१० च्या अभ्यासात ४० प्रौढांवर, तर २०१६ च्या अभ्यासात ४९ लहान मुलांवर दूरस्थ उपचार आणि समोरासमोरचे उपचार ताडून पाहिले. दूरस्थ उपचार मागे पडले नाहीत.

माझं काम सॉफ्टवेअरचं, म्हणून दोन गोष्टी सांगतो. कॉलमधली आवाजाची गाळणी बंद ठेवा. लांबवलेला ‘स्स्स’ ती गोंगाट समजून कापू शकते. नेट कमजोर असेल तर अडखळलं कोण, माणूस की नेटवर्क, हे थेरपिस्टला कळत नाही. म्हणून सराव फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारा. ‘पंधरा दिवसांत कायमचा इलाज’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. थेरपीनंतरही काही जण थोडं अडखळतात, पण टाळाटाळ न करता बोलू लागतात. हे यश लहान नाही.

हजरत मुसा (अलैहिस्सलाम) यांनी आपलं बोलणं लोकांना कळावं म्हणून दुआ मागितली आणि सोबतीला भाऊ हारून यांनाही मागून घेतलं. मदत मागण्यात लाज कसली?

एका खोलीच्या घरात, सगळ्यांसमोर, कुणी मोकळेपणाने अडखळू शकत नाही. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेने आठवड्यातून एक तास दार लावता येईल अशी खोली आणि चांगलं वायफाय द्यावं. तेवढ्याने एखाद्याचा उपचार सुरू होईल. बाकीच्यांनी एवढंच करावं : त्याचं वाक्य त्यालाच पूर्ण करू द्यावं.