चावडीवाचन दर साल व्हावें

शेतकऱ्याच्या घरांत पेटींत जपून ठेवलेला कागद कोणता, असें विचारल्यास सात-बाराचा उतारा, हेंच उत्तर बहुतेक ठिकाणीं मिळेल. ह्या उताऱ्याची मूळ वही आतां संगणकांत गेली आहे. महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळूं लागला. ई-फेरफार प्रणालीनें दुय्यम निबंधकाची कचेरी, तहसील कचेरी व तलाठ्याचें दप्तर हीं एका सूत्रांत ओवलीं गेलीं. खरेदीखत नोंदलें गेलें कीं त्याची खबर आपोआप गांवच्या दप्तरीं पोंचते. तलाठ्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पद तेंच, परंतु उताऱ्यासाठीं त्यांच्या दारीं घालावे लागणारे हेलपाटे पुष्कळ कमी झाले. ही सुधारणा इष्ट आहे, हें आम्हीं मोकळ्या मनानें मान्य करतों.

परंतु तिची दुसरी बाजूही शेतकरी बंधूंनीं ध्यानांत घेतली पाहिजे. पूर्वीं वहींतील चूक बहुधा वहींतच राही. आज तीच एक नोंद पीककर्ज देणारी पेढी पाहते, विमा उतरवणारा पाहतो व खरेदी केंद्रही पाहतें. सरकारी कृषियोजनांसाठीं २०२५ पासून आवश्यक झालेला शेतकरी ओळख क्रमांकही ह्याच अभिलेखावर उभा आहे. समजा, ८० आरांच्या जागीं ८ आर टंकले गेले, किंवा फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिला, तर ती एक चूक शेतकऱ्यास चार दारांतून परत फिरवील. एका सूत्रांत ओवलेल्या दप्तरांत खरें जितक्या लवकर पसरतें, तितक्याच लवकर खोटेंही पसरतें.

हा धोका सरकारनें ओळखला नव्हता असें नाहीं. २०१७ च्या उन्हाळ्यांत संगणकीकृत सात-बारांचें गांवोगांवीं चावडीवाचन झालें. उतारे मोठ्यानें वाचावयाचे, खातेदारांच्या हरकती घ्यावयाच्या व मग दुरुस्ती करावयाची, अशी ती योजना होती. आमच्या मतें ह्याहून शहाणपणाचें काम त्या सर्व खटाटोपांत दुसरें झालें नाहीं.

कोणी म्हणतील, आतां फेरफाराची नोटीस 'आपली चावडी' ह्या संकेतस्थळावर दिसते व हरकतीस १५ दिवसांची मुदत असते. मग वाचन कशास? त्यांस आमचें उत्तर असें कीं, संकेतस्थळ जो पाहील त्यासच दिसतें, आणि पाहणारा एकटा असतो. चावडींतील वाचन सारा गांव ऐकतो. बांध कोठें आहे हें जाणणारा शेजारी तेथें बसलेला असतो. वारसांतून गळलेली बहीण आपलें नांव आलें नाहीं असें तेथें उभी राहून सांगूं शकते. अक्षरशत्रु म्हातारा आपला गट क्रमांक कानानें ओळखतो. कामाच्या ओझ्याची अधिकाऱ्यांची तक्रार खोटी नाहीं. तथापि एका गांवीं वर्षाकांठीं खर्चिलेला एक दिवस पुढील अनेक वर्षांचे तंटे वांचवील.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. खरिपाच्या कर्जवाटपापूर्वीं, वैशाखाच्या सुमारास, दर साल चावडीवाचन व्हावें. तसेंच जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ अन्वयें लेखनप्रमाद दुरुस्तीसाठीं जो अर्ज येईल, त्याची पोंच मिळावी व निकालाची तारीख त्या पोंचेवरच लिहिलेली असावी. नोंद क्षणांत होते, तर दुरुस्तीस वर्षे कां लागावीं?

आपल्याकडेही कर्तव्य आहेच. सात-बारा, आठ-अ व फेरफार हे तिन्ही उतारे वर्षांतून एकदां काढून जुन्या कागदांशीं ताडून पाहावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीनें पीक नोंदविण्याचा अधिकार आपल्याच हातीं आला आहे; ती शेतांत उभें राहूनच करावी. जो शेतकरी पेरण्यापूर्वीं बियाणें पारखून घेतो, त्यानें आपल्या नांवावरील अक्षरें न पाहतां सोडूं नयेत.