भातुकली हा आजार नव्हे

चार वर्षांचा मुलगा बाहुलीला थोपटून झोपवतो, भातुकलीत पोळ्या लाटतो, म्हणून त्याला डॉक्टरांकडे घेऊन येणारे पालक आजही आहेत. त्या मुलाला काहीही झालेले नसते. घरात जे दिसते, तेच मूल खेळात उतरवते.

साधारण दोन-तीन वर्षांचे मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागते. केस वाढवून किंवा फ्रॉक घालून मुलग्याची मुलगी होत नाही, हे मात्र अनेकांना सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत नीट उमगत नाही. ओळख अशी कच्ची असते, म्हणूनच बहुधा 'हे मुलींचे, ते मुलांचे' हे नियम मुले कडकपणे पाळतात.

हे नियम त्यांच्यापर्यंत येतात मोठ्यांकडून, तेही बोलता येण्याआधीच. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारले, तुमचे बाळ किती उतारावरून रांगत उतरू शकेल? मुलग्यांच्या आयांनी अंदाज जास्त सांगितला, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात दोघांची क्षमता सारखीच निघाली. फरक मोजणाऱ्या नजरेत होता.

त्याचे परिणाम लवकर दिसतात. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासानुसार, पाच वर्षांच्या मुली 'अतिशय हुशार' माणूस म्हणून स्त्रीची निवड मुलग्यांनी पुरुषाची करावी तितक्याच सहज करत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण घटले. 'खूप हुशार मुलांसाठी' असलेल्या खेळातला त्यांचा रसही मुलग्यांपेक्षा कमी होता. 'खूप मेहनती मुलांसाठी' असलेल्या खेळात असा फरक नव्हता. पहिलीच्या वयातच मुलगी स्वतःला एक पायरी खाली मोजू लागते, याची काळजी पालकांनी करायला हवी, बाहुलीची नव्हे.

मुलग्यांचेही नुकसान होतेच. 'मुलगा असून रडतोस काय?' हे ऐकत वाढलेला मुलगा दुखणे सांगायचे टाळायला शिकतो.

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-वडील मिळून भाजी निवडतानाचे चित्र छापले. पाऊल चांगलेच होते. पण मूल पुस्तक उघडते त्याच्या कितीतरी आधी घर वाचते. तिथे जेवणानंतर ताट कोण उचलते, पाहुण्यांना पाणी द्यायला हाक कोणाला मारली जाते, झाडावर चढताना 'उतर खाली' कोणाला म्हटले जाते, हे ते रोज पाहते. बदल तिथून व्हायला हवा. त्याला ना औषध लागते, ना खर्च.