गाठीचा शेजारही तपासा

८ जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिन. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार रुग्णालयात ग्लिओब्लास्टोमाचे, म्हणजे मेंदूच्या घातक कर्करोगाचे निदान ऐकलेल्या घरांसाठी मात्र रोजचाच दिवस झगड्याचा असतो.

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे रेडिएशन: ३० वेळा, एकूण ६० ग्रे मात्रा, सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून रुग्णाचा मुखवटा घडवतात आणि तो टेबलाला जखडतात, डोके तसूभरही हलू नये म्हणून. इतक्या काटेकोरपणे मारा करूनही गाठ परतते, आणि बहुधा जुन्या जागेच्या दोनेक सेंटिमीटरच्या आतच. २००५च्या ज्या चाचणीने ही उपचारपद्धती रूढ केली, तिच्यातही मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६वर गेले, एवढेच.

दोष एकट्या गाठीचा नाही. प्राणवायू कमी पोचतो तिथल्या पेशी मारायला जवळपास तिप्पट किरण लागतात. मेंदूच्या पहारेकरी मायक्रोग्लिया पेशींना गाठ फितवते. मग त्याच तिला वाढीची रसद पुरवतात. कर्कपेशी लांब, बारीक तंतूंनी एकमेकींशी जोडलेल्या असतात, रेडिएशनने आत साचणारा कॅल्शियमचा भार वाटून घेतात आणि तगतात, हे हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. २०१९ मध्ये तर याहून अस्वस्थ करणारी गोष्ट कळली: निरोगी चेतापेशीच गाठीशी सिनॅप्स, म्हणजे संदेश वाहणारे सांधे, जोडतात आणि तिला वाढवतात. आपण ज्याने विचार करतो, त्याच विद्युतसंदेशांवर ती पोसते!

काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्कपेशींना हा शेजार नसतो. म्हणून बशीत गुणकारी ठरलेले औषध रुग्णात हरते, तेव्हा आश्चर्य वाटू नये. भारतीय विज्ञान संस्थेतील कुमारवेल सोमसुंदरम आणि निम्हान्सच्या वाणी संतोष यांनी रुग्णांच्या गाठींवर मिळून काम केले; एकाच शहरातली प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांची ही सोबत मोलाची आहे. पण जिवंत माणसाच्या गाठीभोवतीचा निरोगी मेंदू अभ्यासासाठी कापून घेता येत नाही. तो मिळतो मरणोत्तर दानातूनच, आणि निम्हान्सची मेंदूपेढी १९९५ पासून ते दान स्वीकारते आहे.

दुःखात बुडालेल्या कुटुंबाकडे हे मागायचे कसे? घाईतल्या सर्जनवर ते सोपवू नये. प्रत्येक मोठ्या मेंदूरुग्णालयाने त्यासाठी समुपदेशक नेमावा, बेळगावहून आलेल्या आईशी मराठीत बोलू शकेल असा, आणि त्याचा पगार संशोधनाच्या अनुदानातच धरावा.